रद्दी की दस्तऐवज?

प्रोग्रामिंग भाषा बनवणाऱ्या लोकांना सिंटॅक्सवरून भांडायला जाम आवडतं. सेमीकोलन हवा की नको, कंस कुठल्या ओळीवर, बाण कसा दिसावा, यावर पानंच्या पानं चर्चा होते. गंमत अशी की सिंटॅक्स बदलता येतो. दोन रिलीज वॉर्निंग द्या, एक कन्व्हर्टर लिहून द्या, लोक कुरकुरतात आणि बदलतात. पण सोर्स फाइलचं, म्हणजे माणसाने लिहिलेल्या कोडच्या फाइलचं, नाव कसं असावं, ती कुठल्या फोल्डरमध्ये बसावी, कंपाइल झाल्यावर, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलल्यावर, जे काही बाहेर पडतं ते डिस्कवर कुठे आणि कुठल्या आकारात पडावं, या गोष्टी बहुतेक वेळा कुणीतरी घाईत, "आत्ता चालतंय ना, पुढचं पुढे बघू" म्हणून ठरवलेल्या असतात आणि मग त्या पुढची कित्येक वर्षं जागच्या हलत नाहीत.

मी एका छोट्या भाषेचा हा भाग सांभाळते. भाषा कुठली ते सोडा, बाहेर फार कुणी वापरत नाही. पार्सर, टाइप चेकर, ऑप्टिमायझर हे मानाचे विषय दुसऱ्यांकडे आहेत, माझ्याकडे लोडर (फाइल मेमरीत आणणारा भाग), मॉड्यूल (कोडचा एक गठ्ठा) कुठे शोधायचं त्याचे नियम, कंपाइल्ड फाइलचा फॉरमॅट आणि बिल्डचा कॅश (पुन्हा बनवायला नको म्हणून जपून ठेवलेल्या फाइली), म्हणजे जिथे भाषा संपते आणि डिस्क सुरू होते तो पट्टा. कॉन्फरन्समध्ये यावर कुणी भाषण देत नाही, पण "काल चालत होतं, आज चालत नाहीये" असा जो बग येतो तो बरेचदा याच पट्ट्यात सापडतो.

इतकी वर्षं हे काम करून माझं एक मत बनलंय आणि दिवसेंदिवस ते जास्तच हट्टी होत चाललंय. कंपाइल्ड फाइल एक तर रद्दी असते नाहीतर दस्तऐवज असते. रद्दी म्हणजे कधीही फेकून द्या, सोर्सवरून पुन्हा बनवता येते, आत काय लिहिलंय त्याची कुणी हमी मागू नये. दस्तऐवज म्हणजे आज लिहिलेली फाइल वीस वर्षांनी उघडली तरी तिचा तोच अर्थ लागला पाहिजे, आणि त्यासाठी जो त्रास होईल तो भाषेने सोसायचा. दोन्ही प्रकार मला मान्य आहेत. त्रास होतो तो मधल्या प्रकारात, जिथे बनवणारा म्हणतो ही रद्दी आहे आणि वापरणारा तिच्यावर सही-शिक्का घेऊन बसलेला असतो.

आणि सोर्सची मांडणी? ती तर कायम दस्तऐवजच. तिथे निवडीला वावच नाही.

फोरट्रान या जुन्या भाषेचंच बघा. पहिल्या पाच कॉलममध्ये लेबल, सहावा कॉलम म्हणजे वरची ओळ पुढे चालू, सात ते ७२ मध्ये कोड, आणि ७३ ते ८० मध्ये काहीही लिहा, कंपायलर बघत नाही. पंचकार्डावर ८० कॉलम असायचे, पण आयबीएम ७०४ चा कार्ड रीडर त्यातले ७२ च वाचायचा, कारण मशीनचा वर्ड, म्हणजे एका वेळी हाताळायचा तुकडा, ३६ बिटचा आणि कार्डाच्या एका ओळीतून दोन वर्ड भरायचे. उरलेल्या आठ कॉलममध्ये लोक कार्डांचे अनुक्रमांक टाकायचे, गठ्ठा हातातून पडला तर परत लावता यावा म्हणून. आता ते मशीन गेलं, कार्डं गेली, पण ७२ ची सीमा राहिली. ओळ जरा लांब झाली की शेवटची काही अक्षरं गपचूप गायब, आणि उरलेलं जर योगायोगाने वैध विधान असेल तर कंपायलर हूं की चूं करत नाही. व्हेरिएबलच्या नावाचं शेवटचं अक्षर कापलं गेलं आणि न सांगता वापरलेलं व्हेरिएबल चालणारी भाषा असेल, तर तो एक नवाकोरा व्हेरिएबल! फोरट्रान ९० मध्ये मोकळी मांडणी आली, मग जुनी कुठली आणि नवी कुठली हे ओळखायचं कसं, तर एक्स्टेंशनवरून. डॉट एफ म्हणजे जुनी, डॉट एफ९० म्हणजे मोकळी. झालं, आता फोरट्रान २००८ मध्ये लिहिलेली फाइलसुद्धा डॉट एफ९० च्या नावाने वावरते, कारण त्या ९० चा अर्थ "१९९० चं स्टँडर्ड" असा राहिलाच नाही, "मोकळी मांडणी" असा झाला. नावातला आकडा काहीतरी तिसरंच सांगतोय आणि सगळ्यांना ते माहीत आहे.

मेक या बिल्ड टूलची टॅब तर सगळ्यांना ठाऊक आहे. स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये मेक लिहिलं, कमांडच्या आधी टॅबच पाहिजे हा नियम त्यात होता, आणि तो वाईट आहे हे लक्षात येईपर्यंत डझनभर लोक ते वापरायला लागले होते म्हणून त्याने बदललं नाही. डझनभर! त्या बारा-पंधरा लोकांची सोय जपली आणि त्यानंतरच्या सगळ्यांनी अदृश्य अक्षरावरून डोकं आपटलं. मला यात फेल्डमनवर हसू येत नाही, कारण आमच्याकडे वापरणारे मूठभर असताना मीही अगदी हाच हिशोब केलेला आहे. समोर दिसणारा माणूस खरा वाटतो, पुढे येणारे हजारो जण फक्त शक्यता असतात.

एक प्रकार असाही होऊन गेला जिथे सोर्स आणि कंपाइल्ड यात भेदच नव्हता. जीडब्ल्यू बेसिक या जुन्या भाषेत प्रोग्राम सेव्ह केला की डिस्कवर टोकन जायचे, प्रिंट किंवा गोटू यासारख्या शब्दाच्या जागी एक-दोन बाइट, आणि फाइलचा पहिला बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत, एफएफ. साधा मजकूर हवा असेल तर सेव्हच्या शेवटी स्वल्पविराम देऊन ए लिहावं लागायचं. म्हणजे तुमचा सोर्स कोड, जो माणसाने वाचायचा, तोच मुळात एका विशिष्ट इंटरप्रिटरच्या (प्रोग्राम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) टोकनच्या तक्त्यात अडकलेला. तक्ता हरवला तर तुमचं लिखाण गेलं. ज्यांनी ए लावून सेव्ह केलं ते शहाणे. आजही कुणी "सोर्स टेक्स्ट फाइलमध्ये कशाला, थेट डेटाबेसमध्ये ठेवू, स्ट्रक्चर्ड एडिटर देऊ" असा प्रस्ताव घेऊन आलं की मला तो एफएफ आठवतो. प्रस्ताव वाईट असतो असं नाही. फक्त असं केलं की सोर्सचासुद्धा बायनरी फॉरमॅट होतो, मग तोही जन्मभर सांभाळायला लागतो, आणि डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारं टूल), ग्रेप (मजकूर शोधणारं टूल), कुठलाही साधा एडिटर या फुकट मिळालेल्या गोष्टी जातात त्या वेगळ्याच.

बरं, आता मुख्य गोष्ट. पायथॉन. कारण रद्दीला रद्दीसारखं वागवायला एका भाषेला किती वर्षं लागतात याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पायथॉन मॉड्यूल पहिल्यांदा इम्पोर्ट केलं की त्याचा बाइटकोड (इंटरप्रिटरला थेट चालवता येणाऱ्या आज्ञा) डॉट पीवायसी फाइलमध्ये लिहून ठेवतो, पुढच्या वेळी पार्सिंग, म्हणजे सोर्स वाचून उलगडणं, वाचावं म्हणून, बास, एवढाच हेतू. फाइलच्या सुरुवातीला एक मॅजिक नंबर, बाइटकोड बदलला की तो बदलतो, जुळला नाही तर फाइल दुर्लक्षित करायची आणि नव्याने बनवायची. त्या चार बाइटमधले पहिले दोन म्हणजे आकडा आणि पुढचे दोन म्हणजे कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. हे उगाच नाही, कुणी ती फाइल चुकून टेक्स्ट मोडमध्ये कॉपी केली आणि ओळींचे शेवट बदलले गेले तर मॅजिक नंबरच बिघडतो आणि फाइल दारातच अडते. मला ही युक्ती भयंकर आवडते, दोन बाइटमध्ये केवढी राखण! आकड्यांचा इतिहास पायथॉनच्याच सोर्समध्ये एका लांबलचक कॉमेंटमध्ये लिहिलेला आहे, ३.७ साठी ३३९४, ३.१२ साठी ३५३१, आणि प्रत्येक आकड्यापुढे का बदलला ते एका ओळीत. ज्यांना कंपायलरचा खरा इतिहास वाचायचाय त्यांनी रिलीज नोट्स सोडून ती कॉमेंट वाचावी.

फॉरमॅट असा नीट, पण जागा चुकीची. पीवायसी फाइल सोर्सच्या शेजारीच पडायची. एकाच लायब्ररीवर दोन पायथॉन चालत असतील तर दोघं एकमेकांची फाइल पुसून आपली लिहिणार, मग पहिला परत येऊन पुन्हा पुसणार. आणि त्याहून वाईट म्हणजे भुतं. तुम्ही डॉट पीवाय फाइल, म्हणजे सोर्स, डिलीट केली किंवा तिचं नाव बदललं, पण पीवायसी तिथेच राहिली, तर पायथॉन २ ती निमूट इम्पोर्ट करायचा. सोर्समध्ये नसलेलं मॉड्यूल चालतंय! टेस्ट पास होतायत, सर्व्हरवर नव्याने क्लोन केलं, म्हणजे कोडची ताजी प्रत आणली, की फुटतंय. ज्यांनी हे भोगलंय ते अजूनही काही विचित्र झालं की आधी सगळ्या पीवायसी उडवतात, सवयीने, जप केल्यासारखं.

२०११ मध्ये पायथॉन ३.२ आला आणि बॅरी वॉर्सॉच्या पीईपी ३१४७ (पीईपी म्हणजे पायथॉनमधल्या बदलाचा प्रस्ताव) प्रमाणे या फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये गेल्या, पायकॅश नावाच्या, पुढे-मागे दोन-दोन अंडरस्कोर लावलेल्या, आणि प्रत्येक फाइलच्या नावात कुठल्या पायथॉनची ते आलं, सीपायथॉन-३२ असं (सीपायथॉन म्हणजे नेहमीचा पायथॉन). पुसापुशी थांबली. पण माझ्या मते खरी हुशारी दुसऱ्या नियमात आहे, की त्या फोल्डरमध्ये फाइल असेल पण तिचा सोर्स नसेल तर ती वाचायचीच नाही. एका फटक्यात भुतं संपली. फॉरमॅटमध्ये काही बदललं नाही, फक्त फाइल हलवली, आणि फोल्डरच्या नावातच कॅश असा शब्द आल्याने बघणाऱ्याला कुणी न सांगता कळलं की ही रद्दी आहे. फाइल कुठे ठेवलीय यावरून लोक तिला काय मानायचं ते ठरवतात, डॉक्युमेंटेशन वाचून नाही.

तरी एक फट ठेवावी लागली. सोर्स न देता फक्त पीवायसी वाटणारे लोक होतेच, कोड लपवायचा म्हणून (लपत काही नाही, पण असो). त्यांच्यासाठी जुन्या जागी, म्हणजे सोर्सच्या जागेवर ठेवलेली पीवायसी अजूनही चालते. म्हणजे ज्यांनी रद्दीचा दस्तऐवज केला होता त्यांना मोडता आलं नाही.

मग पुढचा प्रश्न, रद्दी शिळी झाली हे ओळखायचं कसं. पायथॉन हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या बाइटमध्ये, सोर्सची बदलल्याची वेळ ठेवतो, सेकंदात. एका सेकंदात फाइल दोनदा बदलली तर पंचाईत, म्हणून ३.३ मध्ये सोर्सचा साइजही आला. पण वेळेचा मूळ घोळ वेगळाच आहे. वेळ ही मजकुराची गोष्टच नाही, फाइल सिस्टिमची आहे. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) चेकआउट करताना मूळ वेळ जपत नाही, आत्ताची लावतो. अर्काइव्ह सोडवलं की जुन्या वेळा येतात. तोच सोर्स दोन मशीनवर कंपाइल केला की दोन वेगळ्या फाइली, कारण आत वेळ वेगळी. आजकाल बिल्ड सिस्टिम मजकुराच्या हॅशवर (मजकुरातून काढलेल्या, ठशासारख्या आकड्यावर) चालतात, त्यांना हे अजिबात चालत नाही. म्हणून पीईपी ५५२, पायथॉन ३.७, २०१८. हेडर १६ बाइटचं झालं, मॅजिकनंतर चार बाइट फ्लॅग, आणि फ्लॅग सांगतात की पुढचे आठ बाइट म्हणजे वेळ अधिक साइज आहेत की सोर्सचा हॅश. वर आणि हॅशवालीचे दोन प्रकार, एक तपासून वापरायची आणि एक न तपासता विश्वासाने वापरायची, कारण तपासायचं तर सोर्स पूर्ण वाचून हॅश काढावा लागतो आणि मग कॅशचा फायदा थोडा कमी होतो.

आठ बाइट बदलायला इतकी वर्षं. आणि तरी पूर्ण सुटलं नाही! बाइटकोडसोबत जे कॉन्स्टंट जातात ते मार्शल नावाचा मॉड्यूल लिहितो, आणि एखादी वस्तू पुन्हा येणार असेल तर तिच्यावर खूण करून ठेवायची की नाही हे तो त्या वस्तूचा रेफरन्स काउंट एक आहे का ते बघून ठरवतो. म्हणजे कंपाइल होताना मेमरीत आणखी कोण त्या स्ट्रिंगला धरून बसलंय यावर फाइलमधले बाइट अवलंबून. अर्थ तोच, बाइट वेगळे. असला बग शोधायला बसलं की माणूस स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लागतो. आमच्याकडेही त्याचं चुलत भावंड होतं, सेटमधल्या घटकांचा क्रम रनप्रमाणे बदलायचा आणि तोच क्रम फाइलमध्ये उतरायचा. लिहिण्याआधी सॉर्ट केलं, संपलं. मग कळलं की बिल्ड मशीनचा पूर्ण पाथ डीबग माहितीत जातोय, तो काढला. असं एकेक करत जावं लागतं, आणि प्रत्येक वेळी आता सगळं सारखं येईल असं वाटतं.

आता दुसरं टोक. जावा. तिथे क्लास फाइल, म्हणजे कंपाइल झालेली फाइल, पहिल्या दिवसापासून दस्तऐवज. "एकदा लिहा, कुठेही चालवा" म्हटल्यावर चालवायचं ते क्लास फाइलच, सोर्स नाही. पहिले चार बाइट प्रसिद्ध आहेत, हेक्समध्ये कॅफेबेब असं वाचता येतं. त्यापुढे व्हर्जन, सुरुवात ४५ पासून, जावा ८ म्हणजे ५२, जावा १७ म्हणजे ६१, जावा २१ म्हणजे ६५. नवा जेव्हीएम (क्लास फाइल चालवणारा प्रोग्राम) जुनी फाइल घेतो, जुना जेव्हीएम नवी नाकारतो आणि जी एरर देतो ती प्रत्येक जावावाल्याने आयुष्यात कधीतरी बघितलेली आहे. (गमतीचा भाग असा की मॅकच्या, एकात अनेक प्रोसेसरचा कोड भरलेल्या फाइलीसुद्धा याच चार बाइटने सुरू होतात. मग फाइल ओळखणारं टूल पुढचे चार बाइट बघतं. मॅकच्या फाइलीत तिथे किती प्रोसेसर ते असतं, म्हणजे छोटा आकडा, जावात तिथे व्हर्जन, किमान ४५. अंदाजपंचे आहे, पण चालतं.)

या फॉरमॅटची मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ॲट्रिब्यूट, फाइलमधले जोडमाहितीचे तुकडे. प्रत्येक ॲट्रिब्यूटला नाव आणि लांबी असते, आणि नियम असा की ओळखीचं नसेल तर गप्प ओलांडून पुढे जा. या एका नियमावर कितीतरी नव्या गोष्टी जुनं न मोडता आत आल्या. जावा ६ मध्ये बाइटकोड तपासणाऱ्या व्हेरिफायरला मदत करणारा स्टॅक मॅपचा तक्ता असाच ॲट्रिब्यूट म्हणून आला, आधी नसला तरी चालेल असा, आणि ५१ व्हर्जनपासून, म्हणजे जावा ७ पासून, सक्तीचा. अर्लांग भाषेची बीम फाइलही काहीशी अशीच आहे, चंकांची, प्रत्येकाला चार अक्षरी नाव आणि लांबी. वेबअसेम्बली या बाइटकोड फॉरमॅटमध्ये त्याच कामाचे कस्टम सेक्शन आहेत. ज्या फॉरमॅटला जगायचं असतं तो अनोळखी गोष्ट ओलांडायला शिकतो.

पण दस्तऐवजाची किंमतही बघा. कॉन्स्टंटच्या यादीची मोजणी १६ बिटची, त्यामुळे एका क्लासमध्ये साधारण ६५ हजार नोंदी, आणि एका मेथडचा बाइटकोड ६५,५३५ बाइटच्या वर जाऊ शकत नाही. १९९० च्या दशकात हे भरपूर वाटलं असणार. आज कोड जनरेट करणारी टूल्स या भिंतीवर धडकतात आणि मेथडचे तुकडे करत बसतात. दुसरं, लाँग आणि डबल कॉन्स्टंट या यादीत दोन जागा घेतात, दुसरी जागा रिकामी, वापरायची नाही. का? तर तेव्हा तसं ठरलं. जेव्हीएमच्या स्पेसिफिकेशनमध्येच चक्क लिहिलंय की मागे वळून बघता हा निर्णय वाईट होता. मला ते वाक्य वाचून इतकं बरं वाटलं होतं! अधिकृत कागदावर, कोरड्या भाषेत, कुणीतरी सांगतंय की हे चुकलं आणि आता असंच राहणार. आणि क्लास फाइल वाचणारं टूल लिहिणारा प्रत्येक नवा माणूस तिथे एकदा तरी एका जागेने घसरतो.

मधल्या प्रदेशात मात्र हाल आहेत. ओकॅमल भाषेत इंटरफेसच्या (मॉड्यूल बाहेर काय दाखवतं त्या यादीच्या) कंपाइल्ड फाइली एकमेकांचे हॅश लक्षात ठेवतात, त्यामुळे अर्धवट बिल्ड झालं की "यांची गृहीतकं जुळत नाहीत" अशा अर्थाची एरर येते. नवख्या माणसाला ती डोकेदुखी वाटते, मला ती प्रामाणिकपणाची परमावधी वाटते, निदान खोटं तरी चालवत नाही. रस्ट ही भाषाही दुसऱ्या कंपायलर व्हर्जनने बनवलेली लायब्ररी सरळ नाकारते. याउलट ईमॅक्स हा एडिटर घ्या, तिथे डॉट ईएलसी फाइल सोर्सच्या शेजारी पडते, आणि सोर्स नवा असला तरी डिफॉल्टने जुनी ईएलसीच लोड होते, फक्त एक संदेश दिसतो की सोर्स नवा आहे बरं का. नवी फाइल निवडायचा पर्याय आहे, पण तो आपण चालू करायचा. किती लोकांनी आपण केलेला बदल का दिसत नाही म्हणून केस उपटले असतील.

लुआ भाषेचं प्रकरण वेगळं, तिथे बाइटकोडला रद्दी म्हणायला कुणी लाजत नाही. व्हर्जन बदललं की फॉरमॅट बदलणार, हमी नाही. हेडरमध्ये एस्केप, मग लुआ ही अक्षरं, पुढे १९ आणि ९३ असे दोन हेक्स बाइट (भाषेचा जन्म १९९३ चा), त्यानंतर तेच ओळींच्या शेवटांचे बाइट, पायथॉनसारखी राखण. ५.३ आणि ५.४ मध्ये एक ठरावीक पूर्णांक आणि ३७०.५ हा दशांश आकडासुद्धा हेडरमध्ये असतो, वाचणाऱ्या मशीनला तो ३७०.५ च वाचता आला नाही तर आकड्यांची मांडणी वेगळी आहे हे तिथेच कळतं. सुंदर! पण एक मेख आहे. ५.२ मध्ये बाइटकोड तपासणारा भाग काढून टाकला, आणि मॅन्युअल सरळ सांगतं की मुद्दाम बिघडवलेला बाइटकोड इंटरप्रिटरला पाडू शकतो. म्हणून लोड करताना फक्त मजकूर स्वीकारा असं सांगायची सोय दिली. हे मला पटतं. रद्दी असेल तर अनोळखी माणसाकडून रद्दी घेऊ नये.

गो या भाषेने तर दिलेला करार परत घेतला. आधी पॅकेजची कंपाइल केलेली फाइल सोर्सशिवाय वाटता यायची, १.१२ हा तसं चालणारा शेवटचा रिलीज. १.१० मध्ये, २०१८ ला, वेळ बघणं सोडून मजकुरावर चालणारा बिल्ड कॅश आला होताच, आणि १.२० मध्ये स्टँडर्ड लायब्ररीच्या आधीच बनवलेल्या फाइली देणंही थांबवलं, लागेल तेव्हा बनवा आणि कॅशमध्ये ठेवा. पूर्ण रद्दीवाद. पण त्याच गोला सोर्सच्या मांडणीने कसं अडवलं बघा. फाइलच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर लिनक्स असेल तर ती फक्त लिनक्सवर कंपाइल होते, फार सोयीचा नियम. १.१९ मध्ये युनिक्स असा एकत्रित बिल्ड टॅग (फाइल कुठे कंपाइल करायची ते सांगणारी खूण) आणला, आणि तो फाइलच्या आतल्या ओळीत चालतो पण नावात चालत नाही. कारण अंडरस्कोर युनिक्स नावाच्या फाइली लोकांनी आधीच लिहून ठेवल्या होत्या, नियम लावला असता तर त्यांचा अर्थ रातोरात बदलला असता. बायनरीचा करार मोडता आला, नावाचा नाही.

स्विफ्ट भाषेचा मार्ग मला सर्वात समजूतदार वाटतो. त्यांचा बायनरी मॉड्यूल कंपायलरच्या व्हर्जनला बांधलेला होता. २०१९ मध्ये ५.१ बरोबर त्यांनी बायनरी गोठवायच्या फंदात न पडता शेजारी एक मजकुराची इंटरफेस फाइल दिली, जवळजवळ स्विफ्टचाच सोर्स, फक्त सार्वजनिक घोषणा. करार मजकुरात, बायनरी म्हणजे त्यावरून बनवलेला कॅश. भाषेचा पार्सर तर तुम्ही जन्मभर सांभाळणारच आहात, मग कराराचा फॉरमॅट म्हणून तोच का नको!

मी हेच आमच्याकडे आणायच्या मागे आहे. एक सहकारी म्हणाला, "अगं, पण टेक्स्ट वाचायला वेळ लागतो." लागतो. म्हणून तर कॅश. त्याला ते पटलंय असं नाही, पण मोजून दाखव म्हणालाय, म्हणजे अर्धं काम झालं.

रोजच्या कामात मात्र हे असले मोठे निर्णय कमीच. रोजचं म्हणजे फॉरमॅटच्या व्हर्जनचा आकडा वाढवणं. कुणी नवा ऑपकोड, म्हणजे बाइटकोडमधली आज्ञा, आणला, आकडा वाढवा. ऑपकोड तोच पण त्याचा अर्थ जरासा बदलला, तरी वाढवा, आणि हेच लोक विसरतात, कारण फाइल वाचली जाते, लोड होते, फक्त उत्तर चुकीचं येतं. दोघांनी दोन ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या चालणाऱ्या प्रतींवर) एकच पुढचा आकडा घेतला तर मर्जमध्ये, म्हणजे त्या एकत्र करताना, कॉन्फ्लिक्टसुद्धा येत नाही, दोन्हीकडे तीच ओळ तशीच बदललेली असते, गिटला वाटतं एकमत आहे. त्यावर आमचा उपाय पायथॉनवाल्यांसारखाच, प्रत्येक आकड्यापुढे कारण लिहायचं. कारणं वेगळी असली की ओळी वेगळ्या होतात आणि गिट बोंब मारतो. कॉमेंट इथे कुलपाचं काम करते.

सध्या नव्या हेडरवर वाद चालू आहे. पुढच्यासाठी चार बाइट राखून ठेवायचे हे सगळ्यांना मान्य आहे, भांडण आहे ते आजच्या लोडरने त्यांचं काय करायचं यावर. एक गट म्हणतो बघूच नका, पुढे काहीही टाकता येईल. पण न बघितलेले बाइट कधीच शून्य राहत नाहीत, कुठल्यातरी तिसऱ्या टूलमध्ये तिथे सुरुवातीची मूल्यं न भरलेली मेमरी लिहिली जाते, आणि तीन वर्षांनी आपण त्या बाइटला अर्थ द्यायला जावं तर जगात अर्ध्या फाइलींमध्ये तिथे कचरा, आणि त्या फाइली "आत्तापर्यंत चालत होत्या". म्हणून माझं म्हणणं, लिहिताना शून्य लिहा, वाचताना शून्य नसेल तर फाइल नाकारा, कॅश असेल तर गपचूप नवी बनवा आणि कुणी हाताने दिलेली असेल तर मोठ्याने एरर द्या. हा चेक पुढच्या रिलीजमध्ये जातोय. त्यासाठीही आकडा एकने वाढवावा लागला, आणि पुढे कारण लिहिलंय: राखीव बाइट आता खरंच राखीव.